परतीचा वेळ

शुभांगी लोहारचं कार्ड बुधवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी तांबडं झालं. तेही भर वर्गात, छत्तीस जणांच्या देखत.

"आत्ता गं बया!" ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली, की फळ्यावर मोटरचं चित्र काढणाऱ्या सरांचा हात जागीच थबकला.

बिस्किटाएवढं ते कार्ड महाविद्यालयातल्या प्रत्येकाच्या गळ्यात असायचं. शुभांगीचं गेला आठवडाभर पिवळं होतं. आता त्याच्यावर अक्षरं सरकायला लागली : ‘आपली जागा फेरवाटपासाठी विचाराधीन आहे. आपल्यासाठी अधिक योग्य असा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम : यंत्रशाळा स्वच्छता व निगराणी.’

"स्वच्छता म्हंजे झाडू," मागच्या बाकावरून पोपटमामा म्हणाले. मामा पंचावन्न वर्षांचे, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. त्यांना हळू बोलणं ठाऊकच नव्हतं. "आणि निगराणी म्हंजे झाडू कुठं ठेवला त्यावर लक्ष!"

कुणी हसलं नाही. शुभांगी तर नाहीच नाही.

ही गोष्ट फार पुढची नाही. आज जी पोरं पहिलीत आहेत ती नोकरीला लागतील, त्या सुमाराची. आंबेसर हे कोल्हापूरकडचं सूतगिरणीचं गाव. इकडच्या बायकाही ‘मी आलो, मी जातो’ असंच बोलतात, तेव्हा वाचताना अडखळू नका. गावात एक समाज महाविद्यालय होतं. ज्यांचं शिक्षण कधीतरी मध्येच तुटलं त्यांच्यासाठीचं. गिरणीतल्या बायका, रिक्षावाले, बारावीला दोनदा आपटलेली पोरं, सगळी एका बाकावर. असल्या महाविद्यालयांचं जुनं दुखणं एकच. जूनमध्ये बसायला जागा नसते आणि दिवाळीनंतर वर्गात पाली फिरतात.

या दुखण्यावर औषध म्हणून ‘वेध’ आलं. त्यामागचा शोध खरोखर सुंदर होता, हे कबूल केलं पाहिजे. तासात लक्ष कुणाचंही उडतं. पण उडालेलं लक्ष किती सेकंदांनी परत येतं, हे एका संशोधक बाईंनी मोजायला घेतलं. हजारो विद्यार्थ्यांची नजर, आवाज, वही उघडायची वेळ, धडा पुन्हा बघायची वेळ, सगळं त्यांनी टिपलं. त्यातून दिसलं असं, की शिक्षण सोडणारा माणूस सोडण्याच्या तीन ते सहा आठवडे आधीपासून, त्याचं त्याला कळायच्याही आत, उशिरा परतायला लागतो. आधी सहा सेकंदांनी परत येणारं लक्ष नऊ सेकंदांनी येतं, मग पंधरा. मग धडा दुसऱ्या दिवशी उघडला जातो, मग चौथ्या. याला बाईंनी नाव दिलं ‘परतीचा वेळ’. वेध हे यंत्र तोच मोजायचं. कुणी मुळातच सावकाश असतो, कुणी चपळ. म्हणून ते प्रत्येकाला त्याच्या वर्गाच्या सरासरीशी ताडून बघायचं. वर्गाच्या बरोबरीनं असाल तर हिरवे, मागे पडलात तर पिवळे, फारच मागे पडलात तर तांबडे.

बाईंनी आपल्या निबंधाच्या शेवटी साधी शिफारस केली होती : आकडा वाढला की त्या माणसाला भेटा आणि काय अडचण आहे ते विचारा. पहिली दोन वर्षं तसं झालंही. मग संस्थेच्या डोक्यात शहाणपण शिरलं. बाहेर प्रतीक्षायादी लांबलचक, मग जो जाणारच आहे त्याची जागा अडवून कशाला ठेवायची? सत्र निम्म्यावर आलं की तांबड्यांची बदली छोट्या अभ्यासक्रमाला करायची आणि त्या जागी नवे घ्यायचे. बदली म्हणजे गळती नव्हे, असं परिपत्रक निघालं. गळती चाळीस टक्क्यांवरून चारवर आली. संचालकांना शाली मिळाल्या, नारळ मिळाले.

शुभांगी अडतीस वर्षांची. दहावीचं अर्धं वर्ष झालं आणि तिचं लग्न लावून दिलं. तेव्हा तिला कुणी विचारलं नव्हतं. गेली सोळा वर्षं ती गिरणीत सायडर होती, म्हणजे सूत कातणाऱ्या साच्यांवर फेऱ्या मारून तुटलेले धागे सांधणारी. पुढच्या वर्षी गिरणीत बिनमाणशी खातं सुरू होणार होतं. धागे यंत्रंच सांधणार होती, आणि त्या यंत्रांची दुरुस्ती ज्यांना येईल तेवढेच कामावर राहणार होते. दुरुस्तीची दोन वर्षांची पदविका याच महाविद्यालयात मिळायची. पदविका असेल तर गिरणी, नसेल तर झाडू. इतकं ते सरळ होतं.

आता तिचा परतीचा वेळ एवढा का वाढला, ते ऐका. शुभांगीच्या घरी अर्धांगवायूनं पडलेली सासू होती. गिरणीच्या वसाहतीत शेजारी राहणाऱ्या शबाना मुजावरला तीन वर्षांची अलिया होती. दोघींचे नवरे सकाळच्या पाळीला, दोघी दुपारच्या. अकरा ते तीन महाविद्यालय, त्या वेळात घरी कुणीतरी हवंच. दोन वर्षं दोघी एकमेकींच्या घरी हात लावतच होत्या, म्हणून आता त्यांनी रीतसर सावड केली. शेतावर करतात तशीच. आज सगळ्यांनी मिळून तुझं शेत, उद्या माझं. सोमवार-बुधवार-शुक्रवार शुभांगी वर्गात, आणि शबाना अलियाला नि म्हातारीला घेऊन घरी. मंगळवार-गुरुवार-शनिवार उलट. गिरणीकडे चालत जाताना वीस मिनिटं लागायची. त्या वीस मिनिटांत वर्गात बसलेलीनं दुसरीला सगळा तास शिकवायचा. शिकवताना अडलं की दुसऱ्या दिवशी दुसरीनं तेच सरांना विचारायचं. घटक चाचणीत दोघींना पंचवीसपैकी एकवीस आणि बावीस होते.

वेधला यातलं काय दिसलं? दोन बायका, दोघी निम्मे दिवस गायब, दोघींचा परतीचा वेळ अठ्ठेचाळीस तास.

*

तास संपल्यावर शुभांगी तडक मार्गदर्शन कक्षात गेली. निनाद सर तिथं बसायचे. वय एकोणतीस, सभ्य माणूस, शर्ट कायम इस्त्रीचा. विद्यार्थ्यांना ते अहो-जाहो करायचे.

"बसा शुभांगीताई. मला कल्पना आहे."

"कसली कल्पना? मला बावीस मार्क हायत, सर. तिकडं त्या पुढच्या बाकावरल्या पोराला नऊ हायत आणि त्याचं कार्ड हिरवंगार. ते कसं काय?"

"वेध मार्क बघत नाही. तुम्ही टिकाल की नाही एवढंच बघतं. आणि त्याचं भाकीत शंभरात नव्व्याण्णव वेळा खरं ठरतं, ताई. मी नाही म्हणत, आकडे म्हणतात."

"खरं ठरतं म्हंजे? तांबडी झालेली माणसं सोडून गेली?"

"हो. म्हणजे, या वर्गातून गेली."

"गेली का घालवली?"

शुभांगी आता पेटली होती.

"आमच्या साच्यावर सूत पिळणाऱ्या प्रत्येक चातीला दिवा असतोय, सर. धागा तुटाय आला की तांबडा लागतोय. तो लागला की आम्ही पळत जातो आणि धागा सांधतो. त्याच्यासाठीच दिवा असतोय! तुमचं आपलं दिवा लागला की चातीच उपटून टाकायची. वर म्हणायचं, बघा, इथलं सूत कधी तुटतच न्हाई!"

सरांनी पडदा तिच्याकडे वळवला. "एक वाट आहे. फेरवाटप तीन आठवड्यांनी आहे. उद्यापासून तुम्ही रोज आलात, एकही दिवस न चुकता, तर तुमचा आकडा त्याच्या आत हिरवा होईल. मी हिशोब करून बघितलाय."

"आणि शबाना?"

"त्यांचं कार्ड उद्या तांबडं होईल. दोघींचं नाही जमणार, ताई."

खोटं कशाला बोलायचं? शुभांगीला ती वाट क्षणभर आवडली. रोज यायचं, पुढच्या बाकावर बसायचं, सगळं स्वतःच्या कानांनी ऐकायचं. दोन श्वास जातील एवढा वेळ ती त्या खुर्चीत बसून हावरटासारखा विचार करत राहिली. मग तिची तिलाच लाज वाटली आणि ती उठली.

दारातून ती मागे वळली. "सर, तो वेध मला ताडून बघतोय म्हणालात. कुणाशी?"

"वर्गाशी. वर्गाच्या सरासरीशी."

*

"ये की रोज," शबाना म्हणाली. दोघी गिरणीच्या रस्त्याला लागल्या होत्या. शबाना एकतिशीची, अंगानं किडकिडीत, चालायला वाघीण. आज तर ती पळतच होती. "म्हातारीला मी बघतो. अलियाला बी बघतो. एकीचं तरी होऊ दे."

"हळू चाल जरा."

"पाळी चुकंल."

"शबाना, थांब म्हटलं ना!"

शबाना थांबली. डोळे भरून आले होते आणि ती ते लपवतही नव्हती. "तू त्या खुर्चीत बसून विचार केलास का न्हाई, एवढंच सांग. एकटीनं जायचा."

"केला," शुभांगी म्हणाली. "व्हय, केला. दोन मिनटं केला."

"मला ठाऊकच होतं! दोन वर्सं तुझ्या सासूचं सगळं काढतोय मी. स्वतःच्या आईचं केलं नसतं एवढं!"

"म्हणून तर तुला तोंडावर सांगायलोय. लपवलं असतं तर तुला कळलं तरी असतं का?"

दोघी रस्त्याच्या कडेला उभ्या राहून तावातावानं भांडल्या. जाणारे-येणारे बघत होते. म्हातारीच्या औषधापासून अलियाच्या तापापर्यंत दोन वर्षांतलं सगळं निघालं. शेवटी बोलायचं संपलं तेव्हा शबानानं पदरानं नाक पुसलं आणि विचारलं, "मग आता?"

"आता असं," शुभांगी म्हणाली. "आपण मागं पडलेलो न्हाई. वर्ग रोज येतोय, म्हणून आपण मागं दिसतोय. तो वेध आपल्याला वर्गाशी लावून बघतोय. साच्यावरल्या सगळ्या चात्या एकाच गतीनं फिरल्या तर मंद कुठली ते कसं ओळखशील?"

शबाना तिच्याकडे बघतच राहिली. "आख्ख्या वर्गाला सावड करायला लावणार? येड लागलंय तुला?"

"लागू दे."

*

शुक्रवारी मधल्या सुट्टीत शुभांगी फळ्यापाशी जाऊन उभी राहिली. आयुष्यात तिनं कधी भाषण केलेलं नव्हतं. पण बोलली ती सरळ.

"आम्हां दोघींला काढायलेत. आम्ही दिवसाआड येतो म्हणून. सगळ्यांनी दिवसाआड यायला चालू केलं तर काढता येणार न्हाई. चौघाचौघांचे गट करायचे. दोघं वर्गात, दोघं घरी. दुसऱ्या दिवशी उलट. वर्गात बसलंय त्यानं घरी बसलेल्याला त्याच दिवशी शिकवायचं. एवढंच मागणं हाय."

"माझं आलं नाव," पोपटमामा म्हणाले. "तसंही मला रोज बसून कंबर धरतीय."

मग पुढच्या बाकावरून समृद्धी बोलली. वय एकोणीस, वर्गात पहिली, कार्ड नेहमी हिरवं. "काकू, राग मानू नका. पण मला रोज येता येतं. मी निम्मे तास बुडवले आणि माझंच कार्ड पिवळं झालं तर? माझं काय चुकलंय?"

"तुझं कायच चुकलेलं न्हाई," शुभांगी म्हणाली. "भीती वाटत असंल तर येऊ नको. खरंच सांगतो."

समृद्धीनं मान खाली घातली. पण तास सुरू व्हायच्या आत ती पुन्हा उभी राहिली. "वीज चालू-बंद करणाऱ्या रिलेचा धडा मला सरांकडून कळला नव्हता. शबानाकाकूंनी साच्याचं उदाहरण देऊन सांगितलं तेव्हा कळला. त्यांना काढलं तर मी विचारू कुणाला?" एवढं बोलून ती बसली आणि तिनं शुभांगीच्या गटात नाव लिहिलं. शुभांगी, शबाना, पोपटमामा, समृद्धी. संध्याकाळपर्यंत नऊ गट झाले.

पहिला आठवडा नुसता गोंधळ. कुणी दोन्ही दिवस आलं, कुणी दोन्ही दिवस आलंच नाही. पोपटमामांनी समृद्धीला तीन फेजची वीज सांगताना एसटीच्या तीन आगारांची गोष्ट लावली आणि पोरगी चक्रावून गेली. पण कुणाला शिकवायचं म्हटलं की माणूस तासात नीट ऐकतो. पेंगून चालत नाही, संध्याकाळी समोरचा प्रश्न विचारणार असतो. रिक्षा स्टँडवर, पिठाच्या गिरणीपुढच्या रांगेत, दवाखान्याच्या बाकावर आंबेसरात मोटरी आणि रिले शिकवले जायला लागले. दुसऱ्या घटक चाचणीत वर्गाची सरासरी चौदावरून एकोणीसवर गेली. पुढच्या बाकावरल्या त्या नऊवाल्या पोराला सतरा मिळाले आणि त्यानं पेढे वाटले.

वेधचं काय झालं? पहिल्या आठवड्यात निम्मी कार्डं पिवळी झाली. समृद्धीचंही झालं. ती दोन दिवस रडवेली होती, पण गट सोडला नाही. मग सरासरीच सरकली. सगळा वर्गच अठ्ठेचाळीस तासांनी परतायला लागल्यावर यंत्रानं तेच रीतसर धरलं. सतराव्या दिवशी शबानाचं कार्ड हिरवं झालं, अठराव्या दिवशी शुभांगीचं.

*

एकोणिसाव्या दिवशी प्राचार्यांचं बोलावणं आलं. डॉ. राजमाने मॅडम वाईट बाई नव्हत्या. वरून आकडे विचारले जायचे आणि त्या आकडे द्यायच्या. त्यांच्या शेजारी निनाद सर उभे होते, हातात कागद.

"तुम्ही यंत्राला फसवलंत," मॅडम म्हणाल्या.

"फसवलं न्हाई, मॅडम. त्याला आमची रीत दाखवली."

"उद्या सगळेच वर्ग असं करायला लागले तर? या यंत्राला काय अर्थ राहील?"

"मॅडम," निनाद सर मध्येच बोलले. "मी तीन वर्षांच्या याद्या काढल्या. दोनशे बारा जण तांबडे झाले. दोनशे नऊ जणांना आपण हलवलं, आणि वेधनं त्यांची नोंद ‘वर्ग सोडला’ अशी करून स्वतःचं भाकीत खरं मोजलं. तिघांची नावं यादीत टाकायची कारकुनाकडून राहून गेली. ते तिघे वर्गातच राहिले."

"मग?"

"तिघंही पास झाले. शेवटपर्यंत आले."

"तीन म्हणजे पुरावा नव्हे, निनाद."

"मग आम्हाला चौथी नि पाचवी करा," शुभांगी म्हणाली. "होईल की पुरावा."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "ठीक. सत्र संपायला सात आठवडे आहेत. तुमची ही सावड चालू द्या. पण वरती मला उत्तर द्यावं लागतं. या छत्तीस जणांपैकी एकानंही प्रवेश सोडला, तर तुमच्या पद्धतीनं गळती झाली असं मी लिहीन आणि तुम्हां दोघींच्या जागा जातील. आहे कबूल?"

"एक बी सुटणार न्हाई," शुभांगी म्हणाली.

*

सहा आठवडे निभावले. एक रिक्षावाला अपघातात पाय मोडून घरी बसला, तर त्याचा गट त्याच्या घरी तास घ्यायला लागला. एका पोरीचं लग्न ठरलं, तर गटानं नवऱ्या मुलालाच बोलावून घेतलं आणि लग्नानंतरही तिला शिकू द्यायचा शब्द त्याच्याकडून घेतला. आणि सातव्या आठवड्याच्या मंगळवारी शबाना तास संपवून पिंपळाच्या पारावर समृद्धीला शिकवायला बसली, ती बसूनच राहिली. समृद्धी आली नाही. फोनही उचलेना.

शबानानं निनाद सरांना गाठलं. सरांनी पडदा उघडला. समृद्धीचा आकडा झकास होता, कार्ड हिरवंगार. परतीच्या वेळात सेकंदाचाही फरक नव्हता. आणि त्याच्याच खाली, सकाळी साडेनऊला आलेला अर्ज : ‘घरगुती कारणामुळे प्रवेश रद्द करत आहे.’ उद्या संध्याकाळी पाचला तो अर्ज कायम होणार होता.

"हिरवीगार पोरगी!" शबाना त्या दिवशी गिरणीच्या रस्त्यावर फणफणत होती. "तांबड्या आपण, आणि सोडून कोण चाललंय बघ! तिच्या पायी आपण दोघी झाडू धरणार. साधं सांगावंसं बी वाटलं न्हाई तिला."

शुभांगीच्याही डोक्यात तिडीक गेली होती. पण दहावीच्या अर्ध्या वर्षात ती घरी बसली तेव्हा तिनं तरी कुणाला सांगितलं होतं? सांगायला तोंड कुठं असतं अशा वेळी? "उद्या माझी पाळी हाय वर्गाची," ती म्हणाली. "मी जात न्हाई. तिच्याकडं जातो."

"आणि तुझी हजेरी?"

"राहू दे."

बुधवारी सकाळी पावणेअकरा वाजता शुभांगी समृद्धीच्या दारात उभी होती. दार उघडंच होतं. आतल्या खोलीत समृद्धीची आई पलंगावर होती. सोमवारी संध्याकाळी न्हाणीत पाय घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं, तीन महिने उठायचं नाही. बाहेरच्या खोलीत वडील वर्तमानपत्र घेऊन खुर्चीत बसले होते. रजेवर होते. आणि समृद्धी स्वयंपाकघरात खाली बसून परातीत कणीक मळत होती. शुभांगीला बघताच तिचा चेहरा पडला.

"काकू, मला माफ करा. तुमच्या जागा जाणार, मला माहीत आहे. रात्रभर रडले. पण मी काय करू?"

"माझ्या जागेचं मी बघून घेतो. तुला काय झालं ते सांग आधी."

"आईचं सगळं करायचं, घरचं करायचं…"

"तीन महिन्यांचाच तर प्रश्न आहे," बाहेरून वडील म्हणाले. त्यांनी वर्तमानपत्र खाली घेतलं होतं. माणूस चढ्या आवाजाचा नव्हता, अडचणीत सापडलेला होता. "पुढच्या वर्षी घेईल पुन्हा प्रवेश. घरात दुसरं बाईमाणूस आहे कोण?"

"पुढच्या वर्षी," शुभांगी म्हणाली. "मला बी असंच सांगितलं होतं, दादा. दहावीचं पुढच्या वर्षी बघू. बावीस वर्सं लागली ते वर्ष उजाडायला."



शुभांगी पदर खोचून समृद्धीसमोर खाली बसली आणि परात स्वतःकडे ओढली. "ऊठ. हात धू. अकराचा तास हाय, आज यंत्राचा मेंदू, पी.एल.सी. सांगणारेत. नीट ऐक, चारच्या आत गिरणीच्या फाटकावर येऊन मला शिकवायचंस. मग निनाद सरांकडं जाऊन तो अर्ज मागं घे. पाचची वेळ हाय, विसरू नको."

"पण काकू, आज तुमचाही दिवस…"

"जातीस का आता?"

समृद्धीनं आधी शुभांगीकडे बघितलं, मग आईच्या खोलीकडे, मग वडिलांकडे. आतून आईचा आवाज आला, "जा गं." मग ती उठली. दोन मिनिटांत दप्तर खांद्याला लावून ती जिना उतरत होती आणि तिच्या चपलांचा आवाज खालच्या गल्लीपर्यंत ऐकू येत होता.

अकरा वाजून दहा मिनिटांनी शुभांगीच्या गळ्यातलं कार्ड गुरगुरायला लागलं. ‘आपण आजच्या तासाला अनुपस्थित आहात.’ तिचे दोन्ही हात कणकेत होते. "असू दे की," ती कार्डाला म्हणाली आणि मळत राहिली.

स्वयंपाकघराच्या दारात वडील येऊन उभे होते. हातात अजून वर्तमानपत्र होतं, पण घडी केलेलं.

"तुम्ही रोज कसं येणार, ताई?" त्यांनी विचारलं. "तुमची नोकरी, तुमचं घर."

"रोज मी कशाला? सावड हाय आमची. आज मी, उद्या समृद्धी घरीच हाय. परवा पोपटमामा येतील, त्यांचा भात करपतोय, पण पोट भरतंय." तिनं कणकेचा गोळा बाजूला ठेवला आणि परात त्यांच्याकडे सरकवली. "आणि शनिवारची पाळी तुमची, दादा. बाह्या वर करा, हात धुऊन या. पोळ्या आजपासनंच शिकवतो."